कल्चर रिपोर्टचे सहा दिवस

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते त्यानंतरच्या सहा दिवसांबद्दल, कारण चार महिने झाले तरी लॅबची ती खिडकी आठवली की माझं डोकं तापतं.

ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घातली होती. ती दोन दिवसांत निघू शकली असती. कुणी काढली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नळी जितके दिवस आत राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर राउंडला आले की रोज विचारा, "नळीची अजून गरज आहे का?" पाचव्या दिवशी, शुक्रवारी, बाबांना हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू केलं आणि लघवी कल्चरला पाठवली. "रिपोर्ट आला की गरज पडल्यास औषध बदलू," म्हणाले. इथवर सगळं रीतसर होतं. कल्चरला दोन-तीन दिवस लागतातच. आधी जंतू वाढवायचे, मग कोणत्या औषधाने मरतात ते पाहायचं.

सोमवारी रिपोर्ट आला: मिश्र वाढ, नमुना दूषित असण्याची शक्यता, पुन्हा पाठवा.

नमुना घेतला होता युरिन बॅगच्या खालच्या तोटीतून. माझ्यासमोरच घेतला, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बॅगेत तासन्‌तास साठलेल्या लघवीत वाटेल ते वाढतं. नळीवर नमुन्यासाठी वेगळी जागा असते. ती स्पिरिटने पुसून सिरिंजने ताजी लघवी काढायची असते. हे मला सोमवारी कळलं. तीन दिवस पाण्यात. मग जुनी नळी बदलली आणि नव्या नळीतून नमुना गेला.

बुधवारी संध्याकाळी खिडकीवर गेले. "उद्या या." गुरुवारी सकाळी आठला गेले, तर "वॉर्डात पाठवला". वॉर्डातल्या सिस्टरनी कॉम्प्युटर उघडून दाखवला, बाबांच्या नावापुढे काहीच नव्हतं. परत खाली. मग कुणीतरी म्हणालं, बिलाचं काही अडलं असेल. बिलिंगच्या रांगेत पाऊण तास. बिलाचं काही अडलेलं नव्हतं. वर बाबा दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होते, ताप १०२, आणि मला विचारत होते, "आज तरी आलं का गं?" तिसऱ्यांदा खिडकीवर गेले तेव्हा मी हललेच नाही. शेवटी आतून एक तरुण टेक्निशियन आला, त्याने बाबांचा जुना ओपीडी नंबर टाकून पाहिला. रिपोर्ट बुधवारी दुपारीच तयार होता. नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल ओपीडीच्या नंबराचं होतं, म्हणून वॉर्डात तो दिसत नव्हता. वीस तास तो कागद तिथे पडून होता.

ई. कोलाय, ईएसबीएल. म्हणजे हा जंतू असं एक एन्झाइम बनवतो की पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बहुतेक औषधं त्याच्यापुढे निकामी होतात. रिपोर्टवर औषधांची रांग आणि प्रत्येकापुढे एक अक्षर: 'एस' म्हणजे लागू, 'आर' म्हणजे निरुपयोगी. सेफ्ट्रिअॅक्सोनपुढे 'आर'. शुक्रवारपासून तेच चाललं होतं. तासाभरात मेरोपेनेम हे दुसरं अँटिबायोटिक सुरू झालं, शनिवारी ताप उतरला. मी जिन्यात बसून रडले.

म्हणून नमुना जाताना लेबलवरचा नंबर स्वतः वाचा आणि फोटो काढून ठेवा. रिपोर्ट कधी येणार ते विचारा आणि त्या वेळेला मागे लागा.

वाट पाहताना आणखी एक दिसलं. वॉर्डातल्या मावशी एकाच प्लॅस्टिकच्या भांड्यात एकामागून एक सगळ्यांच्या बॅगा रिकाम्या करायच्या, हातमोजे तेच. चौथ्या खाटेवरून पाचव्या खाटेवर, बॅगेच्या तोटीला तेच बोट. हातमोज्यांनी मावशींचा हात वाचतो, पुढचा रुग्ण वाचत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना वाईट वाटू न देता. त्या म्हणाल्या, "ताई, मोजे मोजूनच मिळतात." मग मी सिस्टर इन्चार्जना भेटले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खाटेखाली वेगळं भांडं आलं. तक्रार करायला संकोचू नका, फक्त ती मावशींवर ढकलू नका.

घरी आल्यावर वेगळीच पंचाईत. वहिनी बाळाला घेऊन यायला घाबरत होती, आईने बाबांचं ताट-वाटी वेगळी काढली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: भांडी वेगळी करायची गरज नाही, जवळ बसा, नातवाला मांडीवर द्या. पाळायचं ते हात आणि संडास. बाबांनी संडासहून आल्यावर आणि आईने त्यांचं आवरल्यावर साबणाने हात धुवायचे, मोजून ४० सेकंद तरी. टॉवेल वेगळा. कमोडची सीट आणि फ्लशचं बटण रोज पुसायचं.

दीड महिन्याने दादाचा आग्रह, पुन्हा कल्चर करून "क्लिअर" आहे का पाहू. डॉक्टरांनी नकार दिला. ताप नाही, जळजळ नाही, तर तपासणी नाही. जंतू नुसते असतील तर औषध द्यायचं नसतं, उगाच दिलं तर उरलेले आणखी चिवट होतात.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, गेल्या वर्षभरात अँटिबायोटिक घेतलं का? बाबा जरा खोकला झाला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सेफिक्झिम आणायचे, तीन गोळ्या घेऊन थांबायचे. १ मार्च २०१४ पासून हे औषध शेड्यूल एच१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. बाबांकडे कधी कुणी चिठ्ठी मागितली नाही. त्यानेच हे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण सेफिक्झिमपुढेही 'आर' होता. बाबांच्या ड्रॉवरमधली अर्धवट उरलेली पाकिटं मी त्याच रात्री काढून टाकली.

आता तो रिपोर्ट फाइलच्या पहिल्या पानावर आहे. मागच्या महिन्यात मोतीबिंदूसाठी दुसरीकडे गेलो, तेव्हा नाव-पत्ता लिहायच्या आधी मी तोच पुढे केला. सिस्टरनी वाचला, केसपेपरला टाचला आणि बाबांना हात लावायच्या आधी बेसिनकडे गेल्या.