स्वतःची लिनक्स डिस्ट्रो: आधी कर्नल आणि इनिट, बाकी सगळं नंतर

स्वतःची डिस्ट्रो (लिनक्स कर्नलवर उभी केलेली पूर्ण ऑपरेटिंग सिस्टम) म्हटलं की बरेच जण वॉलपेपर, थीम आणि बूट लोगोपासून सुरुवात करतात. तेवढंच हवं असेल तर डेबियनचं लाइव्ह-बिल्ड हे इमेज बनवायचं साधन आहेच. पण आत काय चालतं ते कळून घ्यायचं असेल, तर डेस्कटॉप तूर्तास विसरा. कर्नल (सिस्टमचा गाभा), बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांड्स एकाच फाइलमध्ये देणारा प्रोग्रॅम) आणि हाताने लिहिलेली पाच ओळींची इनिट स्क्रिप्ट (कर्नल सगळ्यात आधी चालवतो ती), एवढ्या सामानावर क्यूएमयू या आभासी मशीनमध्ये शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडतो.

कर्नलसाठी जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि लिबएल्फ, ओपनएसएसएल यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस लागतात. डिस्कवर पाचेक जीबी मोकळी ठेवा. 'मेक डेफकॉन्फिग' करा (म्हणजे ठरलेली डीफॉल्ट सेटिंग्ज घ्या) आणि त्यावरच बिल्ड करा. पहिल्याच फेरीत जवळपास सगळे पर्याय बंद करणाऱ्या 'ऑलनोकॉन्फिग'च्या नादी लागू नका: त्यात स्क्रिप्ट चालवण्याचा सपोर्टसुद्धा बंद असतो, मग इनिट बरोबर असूनही एरर -८ येते आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

बिझीबॉक्समध्येही डेफकॉन्फिगच, फक्त सेटिंग्जमध्ये स्टॅटिक बायनरीचा (लागणाऱ्या लायब्ररी फाइलच्या आतच असतात) पर्याय चालू करायचा. बिल्डला वापरलेले हेडर ६.८ किंवा त्यापुढच्या कर्नलचे असतील तर बिझीबॉक्सची १.३६.१ आवृत्ती 'टीसी' या अ‍ॅप्लेटवर (नेटवर्क ट्रॅफिक आवरणारी आतली कमांड) अडते, कारण त्याला लागणारा सीबीक्यूचा (ट्रॅफिक वाटायची एक जुनी पद्धत) भाग कर्नलमधूनच काढलाय. टीसी बंद करा, पुढे जा. 'मेक इन्स्टॉल' बिन, एसबिन वगैरे फोल्डर तयार करतं. प्रॉक, सिस आणि डेव्ह हे फोल्डर मात्र हातानेच करायचे.

इनिटची पहिली ओळ शेलचा शीबँग, म्हणजे स्क्रिप्ट कोणी चालवायची ते सांगणारी ओळ. पुढच्या तीन ओळींत प्रॉक, सिसएफएस आणि डेव्हटीएमपीएफएस (प्रोसेस, कर्नल आणि उपकरणं फाइलींसारखी दाखवणाऱ्या फाइलसिस्टम) त्या फोल्डरांवर माउंट करायचे. शेवटची ओळ 'एक्झेक सेटसिड सीटीटीवायहॅक एसएच'. नुसता शेल सुरू केलात तर जॉब कंट्रोल बंद राहतो आणि कंट्रोल-सी दाबून काही थांबत नाही. इनिट ही प्रोसेस क्रमांक १ आहे. ती संपली की कर्नल पॅनिक, म्हणजे सगळी सिस्टम थांबते, त्यामुळे शेलमध्ये सवयीने 'एक्झिट' टाइप करू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी पायरी: पॅकिंग. सगळे फोल्डर आणि इनिट सीपीआयओ या कमांडने एका आर्काइव्हमध्ये बांधायचे. सीपीआयओचा फॉरमॅट 'न्यूसी'च हवा, आणि कमांड रूट फोल्डरच्या (ज्यात इनिट, बिन वगैरे आहेत त्या) आत जाऊन चालवायची. बाहेरून चालवली की आर्काइव्हमध्ये इनिट एक पातळी खाली जातो, कर्नलला तो सापडत नाही, आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असा संदेश येतो. वाचणारा डिस्क ड्रायव्हरच्या मागे लागतो. खरं तर डिस्कचा इथे संबंधच नाही.

क्यूएमयूला कर्नल आणि इनिटआरडी (म्हणजे हेच आर्काइव्ह) द्या, कर्नलच्या कमांड लाइनला 'कन्सोल=टीटीवायएस०' जोडा आणि 'नोग्राफिक' लावा. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स.

एररचा आकडा नीट वाचा. -१३ म्हणजे एक्झिक्युट परवानगी नाही. -२ म्हणजे फाइल समोर दिसत असूनही तिला लागणारा इंटरप्रिटर किंवा डायनॅमिक लोडर (बाहेरच्या लायब्ररी जोडून देणारा प्रोग्रॅम) नाही. म्हणूनच तो स्टॅटिकचा आग्रह. एक गंमत: इनिट चाललाच नाही तर कर्नल एसबिनमधला इनिट चालवून बघतो, आणि तो बिझीबॉक्सने आधीच ठेवलेला असतो. त्यामुळे सिस्टम चालू झाल्यासारखी वाटते, पण 'टीटीवाय२ उघडत नाही' अशी तक्रार स्क्रीनवर येत राहते. ती दिसली की आपली स्क्रिप्ट चाललेलीच नाही असं समजा.

हे जमलं की बिल्डरूट हे साधन घ्या. टूलचेनपासून (कंपायलर वगैरे) इमेजपर्यंत तेच सगळं एका कॉन्फिग फाइलमधून होतं. मात्र बिल्डरूट पॅकेज मॅनेजर देत नाही, अपडेट म्हणजे नवी इमेज. पॅकेजेस एकेक करून अपडेट करायची असतील तर रिपॉझिटरी, सही करण्याच्या कीज आणि सुरक्षा-पॅच वेळेवर लावणारी माणसं लागतात. डिस्ट्रोचं खरं काम तिथेच आहे, आणि बहुतेक हौशी डिस्ट्रो तिथेच बंद पडतात.

इमेज दुसऱ्याला देणार असाल तर जीपीएल या परवान्याप्रमाणे (कर्नल आणि बिझीबॉक्स त्याखाली येतात) सोर्सही द्यावा लागतो. प्रत्येक रिलीजबरोबर कर्नलची कॉन्फिग फाइल, लावलेले पॅच आणि मूळ टारबॉल (सोर्सची बांधलेली फाइल) तिथल्या तिथे साठवून ठेवा. मागाहून जमवायला गेलात तर नेमकी कुठली आवृत्ती वापरली होती तेच आठवत नाही.