तुम्ही विचारलंत म्हणून: मिळालेलं तारण, म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने पापातून झालेली सुटका, जाऊ शकतं का?

हा प्रश्न सभेत कुणी विचारत नाही. सभा संपल्यावर बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात सिद्धांत नसतो, एक माणूस असतो: बाप्तिस्मा घेतलेला, गायनमंडळात उभा राहणारा मुलगा, जो आता प्रार्थनेचं नावही काढू देत नाही. तुम्ही विचारलंत तेही तुमच्या मुलासाठीच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. देवाने ज्याला आपलंसं केलं त्याला तो शेवटपर्यंत सोडत नाही, असं मी मानतो. पण एकदा हात वर केला, पाळकांमागे प्रार्थना म्हटली, आता कसंही वागलं तरी स्वर्ग पक्का, हे मला मान्य नाही. लोक या दोन गोष्टी एकच समजतात. 1618-19 साली नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथे भरलेल्या, माझं मत जिथून येतं त्या धर्मसभेने जे मांडलं ते इतकं स्वस्त नव्हतं. खरा विश्वासणारा पडतो, कधीकधी फार वाईट पडतो, पण देव त्याला पश्चात्तापाकडे परत आणतो आणि तो टिकतो, असं त्या सभेचं म्हणणं. त्यातलं टिकणं वगळून नुसती हमी तेवढी उचलता येत नाही.

गंमत म्हणजे ही सभा ज्यांच्याविरुद्ध भरली, त्या डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 च्या निवेदनात तारण जातं असं ठामपणे म्हटलंच नव्हतं. शास्त्रात याचा आणखी नीट शोध घ्यायला हवा, एवढंच त्यांचं पाचवं कलम म्हणत होतं. ठाम मत पुढे आलं, आणि 1751 साली मेथडिस्ट चळवळीचा इंग्रज प्रवर्तक जॉन वेस्लीने तर पुस्तिका काढून सांगितलं की विश्वासणाऱ्याचंही कायमचं पतन होऊ शकतं. ल्यूथरपंथी आणि कॅथलिकही आपापल्या कारणांनी तसंच मानतात. तेव्हा ‘सगळे खरे ख्रिस्ती आमच्यासारखंच मानतात’ असं कुणी सांगितलं, मग तो माझ्या बाजूचा का असेना, तर लगेच मान डोलावू नका.

वचनं दोन्हीकडे आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की त्याच्या मेंढरांचा कधीही नाश होणार नाही, त्याच्या हातातून त्यांना कुणी हिसकावून घेणार नाही. मेंढरू स्वतःच निघून गेलं तर, असं वेस्लीपंथी विचारतात. ‘कधीही नाश होणार नाही’ यात तेही आलं असं मला वाटतं, त्यामुळे तिथे मी फारसा अडत नाही. अडतो तो इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात. ज्यांना प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ज्यांनी देवाच्या वचनाची रुची घेतली, ते पतित झाले तर त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य! आमचे शिक्षक घाईघाईने सांगतात, ‘ते मुळात विश्वासणारे नव्हतेच.’ पवित्र आत्म्याचा भागीदार, आणि विश्वासणारा नाही? माझ्या तरी हे पचनी पडत नाही.

मग मी माझ्या मतावर टिकतो कसा? प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27. वादळात सापडलेलं जहाज, त्यावर 276 माणसं. त्यावरच्या प्रेषित पौलाला देवदूताने सांगितलंय की जहाज जाईल, माणूस एकही जाणार नाही. पुढे एका रात्री खलाशी नांगर टाकण्याचं निमित्त करून होडी पाण्यात सोडतात; बेत पळून जायचा. पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमी अधिकाऱ्याला, बजावतो: हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई तत्काळ दोर कापून होडी सोडून देतात. वचन आधीच मिळालेलं होतं, तरी इशारा नाटकी नव्हता. इशारा ऐकून दोर कापले गेले, म्हणून खलाशी जहाजावर राहिले, आणि शेवटी सगळे किनाऱ्याला लागले. इब्री 6 मी असाच वाचतो: देव आपल्या लोकांना राखतो ते अशा धाकानेसुद्धा. जे कधी घडणारच नाही त्याचा धाक कसला, असा यावर आक्षेप येतो. तो मला पुरता खोडता आलेला नाही, हेही सांगून ठेवतो.

आमच्या मताला आणखी एक काटा आहे. कुणी सोडून गेला की आम्ही योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन (1 योहान 2:19) दाखवून म्हणतो, तो आपला नव्हताच. ऐकणारा घरी जाऊन रात्रभर विचार करतो, मग मी तरी आहे का? धीर द्यायला काढलेली शिकवण अशी उलटी लागते.

आता तुमच्या मुलाविषयी. इब्री 6 मधलं ‘अशक्य’ त्याच्या कपाळी चिकटवू नका. 250 साली सम्राट डेसियसच्या छळात कितीतरी ख्रिस्ती लोकांनी देवतांना बळी अर्पून जीव वाचवला आणि नंतर पश्चात्ताप करत मंडळीच्या दाराशी आले. त्यांना परत घ्यायचं नाही, असं रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला. कार्थेजचा बिशप सिप्रियन शिस्तीचा कडक, पण त्याने आणि इतर बिशपांनी पश्चात्तापाचा काळ ठरवून दिला, दार बंद केलं नाही. मुलगा होता आणि गेला, की कधी नव्हताच, यावर वेस्लीपंथी आणि मी भांडत बसू. त्याला सांगायचं ते मात्र दोघांचंही एकच, परत ये.

आणि देमासचं उदाहरण देऊन कुणी तुम्हाला घाबरवलं तर 2 तीमथ्य 4:10 उघडून बघा. पौलाचा हा सहकारी जगाच्या आवडीने त्याला सोडून थेस्सलनीकास गेला, एवढंच तिथे आहे. त्याच्या तारणाचं काय झालं, ते पौलाने लिहिलेलं नाही.