सहा चाळीस: अप्पांच्या मेंदूतली गुठळी काढली तेव्हाचा माझा अनुभव

अप्पा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी पहाटे पाचला उठायची सवय काही गेली नाही. त्या दिवशी पण उठले, फुलं आणली, पूजा केली आणि ओट्याजवळच्या खुर्चीत चहा घेत बसले. मी माहेरी वाईला आले होते, पोळ्या लाटत होते, त्यांच्याकडे माझी पाठ. बशी फुटल्याचा आवाज आला म्हणून वळले तर चहा सगळा लेंग्यावर सांडलेला आणि अप्पा स्वतःच्या उजव्या हाताकडे असे बघतायत जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे. "काय झालं अप्पा?" तर तोंडातून नुसतं "अं... अं". तोंड डावीकडे ओढलं गेलेलं. भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस झाले होते. लेकीचा डबा भरायचा होता म्हणून माझं सारखं घड्याळाकडे लक्ष, नाहीतर ती वेळ माझ्या लक्षात पण राहिली नसती.

आई कांदा फोडायला धावली. शेजारच्या काकू म्हणाल्या अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा, आणि कुठल्यातरी गावात लकव्याचं औषध देतात तिथे उद्या घेऊन जा. कुणीतरी चमच्याने पाणी पाजायला गेलं ते तोंडाच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर आलं. तेव्हा कळलं नाही पण नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अशा वेळी गिळायची ताकद गेलेली असू शकते, पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, त्यामुळे पाणी नाही, चहा नाही, गोळी पण नाही.

दादाने गाडी काढली आणि आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो, जिथे सर्दीतापाला नेहमी जातो तिथेच. इथे आमची चूक झाली आणि त्यांची पण. बीपी १९० च्या वर होतं, त्यांनी बीपी उतरवायची गोळी जिभेखाली ठेवली, सलाईन लावलं आणि म्हणाले तासभर वाट बघू, बरेचदा आपोआप उतरतं. तिथे सीटी स्कॅन नाही. पस्तीस मिनिटं आम्ही त्या सलाईनच्या थेंबांकडे बघत बसलो. हा स्ट्रोक होता, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली होती. अशा वेळी शरीर अडथळ्याच्या पुढे रक्त ढकलायचा प्रयत्न करत असतं म्हणून बीपी वाढलेलं असतं, ते असं एकदम खाली आणलं तर उलट नुकसान होऊ शकतं, हे मला नंतर समजलं आणि अजून राग येतो.

वाचलो ते मावसबहिणीमुळे. ती मुंबईला सिस्टर आहे. तिने व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि म्हणाली, "काकांना हसायला सांग. आता दोन्ही हात वर करायला सांग." उजवा हात उचललाच गेला नाही. ती एकच वाक्य बोलली, "जिथे सीटी नाही तिथे एक मिनिट थांबू नकोस." सलाईन काढायला लावलं, सही केली आणि निघालो.

साताऱ्याला सव्वाआठला पोचलो. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, नाव नाही गाव नाही, "शेवटचं नीट कधी बघितलं?" मी म्हटलं सहा चाळीसला बशी पडली, त्याच्या पाचच मिनिटं आधी माझ्याशी बोलले होते. त्या दिवशी हा प्रश्न मला पाच जणांनी विचारला आणि पाचही वेळा तेच उत्तर दिलं. कारण सगळं गणित तिथून सुरू होतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर रात्री झोपले तेव्हापासून मोजतात, आपल्याला दिसलं तेव्हापासून नाही.

सीटीमध्ये रक्तस्राव नव्हता. मग डाय सोडून अँजिओ केली, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, त्यात डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद. डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं, उजवीकडे झाडाच्या फांद्यांसारख्या नसा पसरलेल्या आणि डावीकडे फांदी मोडल्यासारखी एकदम संपलेली. डाव्या मेंदूत बोलणं आणि उजवा हातपाय, म्हणून अप्पांचं ते दोन्ही गेलं होतं.

मग गोळ्यांचं विचारलं आणि मला रडूच आलं. अप्पांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यासाठी रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू होती. दाढ काढायची म्हणून त्यांनी पाच दिवस ती बंद ठेवली होती, हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता, आणि आम्हाला कुणाला माहीत पण नव्हतं. ठोके असे पडले की हृदयात रक्त साचून गुठळी होते आणि तीच वर मेंदूत जाते. लगेच आयएनआर केला, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, तो १.२ आला. तो १.७ च्या वर असता तर इंजेक्शन देता आलं नसतं. नऊ वाजून पाच मिनिटांनी टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, एकच सिरिंज, काही सेकंदांत संपली. पण डॉक्टर स्पष्ट बोलले, एवढी मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने विरघळेल याची खात्री नाही, ती आतून ओढून काढावी लागेल, आमच्याकडे ती सोय नाही, परिणामाची वाट बघत थांबू नका, पुण्याला हलवा. त्यांनी स्वतः फोन केला, स्कॅनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. आम्ही निघायच्या आधी तिकडे कॅथलॅबची, म्हणजे एक्सरेवर बघत रक्तवाहिनीत नळी घालतात त्या खोलीची, टीम बोलावली गेली होती.

सातारा ते पुणे मी आयुष्यात कितीदा गेले असेन, अप्पांच्याच गाडीत गेलेय. त्या दिवशी अँब्युलन्समध्ये त्यांचा डावा हात धरून बसले होते. आनेवाडी टोलनाका, खंबाटकीचा बोगदा, त्यापुढचं ते वळण. बोगद्यातून बाहेर पडल्यावर अप्पांनी माझा हात दाबला, कशासाठी ते सांगता येत नव्हतं त्यांना. सोबतचा डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी बीपी बघत होता, मला म्हणाला ताई यांच्याशी बोलत रहा. मी काय काय बोलले मला आता आठवत पण नाही.

अकराला पाच कमी असताना पोचलो. न्यूरोचे डॉक्टर दारातच उभे. परत एक छोटा सीटी, मग थेट कॅथलॅब. दादा विम्याच्या कॅशलेस मंजुरीची वाट बघू का विचारत होता तर ते म्हणाले, "पैशाचं मागून बघू, आधी सही करा." मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात असं ते म्हणाले आणि दादाने पेन माझ्या हातातून ओढून घेतलं. धोके पण सांगितले, रक्तस्राव होऊ शकतो, नस फाटू शकते, करूनही उपयोग झाला नाही असं होऊ शकतं. मी विचारलं डोकं उघडणार का. नाही म्हणाले, मांडीच्या सांध्यातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालायची, ती छातीतून मानेत आणि मानेतून मेंदूत न्यायची, एक्सरेवर बघत बघत. त्या नळीतून अजून बारीक नळी गुठळीच्या पलीकडे जाते, तिथे तारेची जाळी उघडते, गुठळी त्यात अडकते आणि मग मागून सक्शन लावून सगळं एकत्र बाहेर ओढायचं. थ्रोम्बेक्टॉमी म्हणतात. ही पद्धत २०१५ मध्ये पाच मोठे अभ्यास आले तेव्हापासून पक्की झाली, पहिल्या सहा तासांत फायदा जास्त, आणि २०१८ पासून काही निवडक पेशंटमध्ये स्कॅन बघून २४ तासांपर्यंत पण करतात. म्हणजे उशीर झाला म्हणून घरीच ठेवू नका, पण २४ तास आहेत म्हणून निवांत पण राहू नका.

अकरा चोवीसला सुरू केलं. पहिल्यांदा ओढलं तेव्हा अर्धीच आली, दुसऱ्यांदा पूर्ण. बारा वाजून दोन मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले, हातात गॉजचा तुकडा, त्यावर काळपट लाल गुठळी, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी लांब असेल नसेल. एवढीशी. मी ती बघून खालीच बसले. आई लांबून विचारत होती काय आहे गं ते, मला सांगताच येईना.

संध्याकाळी आयसीयूत गेले तर पाय सरळ ठेवून झोपलेले, मांडीला दाबपट्टी. डॉक्टर म्हणाले उजवा हात वर करा, आणि हात वर गेला, थरथरत पण गेला. बोलणं मात्र लगेच आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत सीटी करून आत रक्त सांडलं नाही ना बघितलं, गिळण्याची तपासणी झाल्यावरच पातळ पेज दिली. मला बघून त्यांनी माझ्या आत्याचं नाव घेतलं, आणि चुकलंय हे त्यांना कळलं, डोळ्यांत पाणी आलं.

ज्यांच्या घरी पेशंटचं बोलणं गेलंय त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. स्पीच थेरपिस्टने सांगितलं की साधा शब्द सापडत नसला तरी पाठ झालेली गोष्ट कधीकधी ओघात येते, वार, आकडे, आरती असं काहीतरी म्हणून बघा. आकडे वीसच्या पुढे जाईनात. मग आईने सहज विचारलं, "अहो, वाई-स्वारगेट कुठे कुठे थांबायची?" आणि अप्पा सुरू झाले, वाई, सुरूर, शिरवळ, कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रज, स्वारगेट. सलग. ज्यांना "पाणी" म्हणता येत नव्हतं ते. त्यानंतर महिनाभर आमची सकाळ स्टॉपच्या नावांनीच सुरू व्हायची, त्यातूनच एकेक शब्द सुटत गेला.

आता पाच महिने झालेत. चालतात, जेवतात, पेपर वाचतात. शर्टाची वरची दोन बटणं अजून लागत नाहीत आणि दमले की शब्द अडतो. बिल साडेपाच लाखांच्या आसपास झालं, निम्म्याच्या वर विम्यातून मिळालं, बाकीचं दादाने आणि मी वाटून घेतलं. वॉरफरिन बदलून नवीन गोळी दिलीय, दिवसातून दोनदा, तिचा अलार्म माझ्या फोनवर पण लावलाय आणि मी पुण्याहून फोन करते घेतली का म्हणून. ती राहिलेली दाढ मागच्या महिन्यात काढली. या वेळी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी दातांच्या डॉक्टरांशी बोलून काय करायचं ते कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद आईने फ्रिजवर लावून ठेवलाय.