डाव्या वर्तुळातला माणूस

रात्रीचे नऊ वाजत आले होते. सोलापुरात आमच्या बाळीवेशीत हलग्यांचा असा दणका चालू होता की मला माझंच बोलणं ऐकू येईना. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस. नंदीध्वजाच्या काठ्या परतीच्या वाटेवर होत्या आणि घरातले सगळे गॅलरीत दर्शनाला उभे होते. मी आतल्या खोलीच्या खिडकीला दोन जाड चादरी अडकवल्या, हेडफोन चढवला आणि लॅपटॉप उघडला. सव्वानऊला बैठक होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे पावणेअकरा झालेले असतात.

चार वर्षांपासून मी तिकडच्या एका व्यावसायिक आइस हॉकी संघासाठी व्हिडिओ विश्लेषण करतो. बर्फावर आजवर पाय ठेवलेला नाही, पण सामन्याचा एकेक क्षण कापायचा आणि त्यावर खुणा लावायच्या, हे काम मी जीव ओतून करतो. माझ्याकडे पॉवरप्ले आहे. क्रिकेटमधला नव्हे. समोरच्या खेळाडूला किरकोळ शिक्षा झाली की तो 2 मिनिटं बाहेर बसतो आणि पाचाविरुद्ध चार असा खेळ होतो. आता गोल झाला की शिक्षा तिथंच संपते. पूर्वी तसं नव्हतं. माँट्रियल कॅनेडियन्स या संघाचे खेळाडू त्या 2 मिनिटांत गोलांमागून गोल करायला लागले, तेव्हा 1956 मध्ये एनएचएल या तिकडच्या मुख्य लीगनं नियमच बदलला.

त्या दिवशी आमच्या पॉवरप्लेच्या पहिल्या तुकडीतला, गोलासमोर डावीकडे आखलेल्या वर्तुळातून मारणारा नेमबाज मनगट दुखावून बाहेर गेला होता. त्याच्या जागी कोण, एवढाच प्रश्न. प्रशिक्षकांचा कल दुसऱ्या फळीतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्याकडे होता. कुणालाही तोच सुचला असता. मला मात्र दुपारपासून ते पटत नव्हतं, कारण तो डावखुरा होता.

आम्ही 1-3-1 रचना खेळतो. एक जण मागे निळ्या रेषेवर, तिघं मधे आडवे, एक गोलकीपरच्या नाकासमोर. आडव्या तिघांपैकी डावीकडच्याला उजवीकडून पास येतो. तो उजव्या हातानं खेळणारा असेल तर त्याच्या काठीचं पातं मैदानाच्या मधल्या बाजूला असतं, त्यामुळे आलेला पक, म्हणजे रबराची चकती, न थांबवता थेट मारता येतो. एनएचएलमधल्या अलेक्झांडर ओवेच्किननं आयुष्यभर हेच केलं. 6 एप्रिल 2025 ला वेन ग्रेट्झ्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडणारा त्याचा 895 वा गोलही पॉवरप्लेवरच, त्याच डाव्या वर्तुळातून झाला. डावखुऱ्याला तिथं पक आधी अडवावा लागतो, मग अंग वळवावं लागतं. तेवढ्यात गोलकीपर सरकत येऊन समोर उभा राहतो.

गोलाच्या मधोमध निघणारी एक काल्पनिक रेषा आहे. स्टीव्ह व्हॅलिकेट या माजी गोलकीपरनं तिला ‘रॉयल रोड’ म्हटलं. फटक्याच्या आधी पक ती रेषा ओलांडून गेला की गोलकीपरची खरी परीक्षा असते. या आडव्या पासला माझ्या खुणांच्या यादीत मी ‘धोटा’ म्हणतो. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तीस वर्षं यंत्रमाग चालवला. ताण्यातून इकडून तिकडे सुटणारा धोटा मी लहानपणापासून पाहिलाय, दुसरा शब्द मला सुचलाच नाही.

मी ज्याचं नाव घेणार होतो तो तिसऱ्या फळीतला, उजव्या हाताचा, नावावर थोडेच गोल असलेला पोरगा. दुपारभर त्याच्या सरावाच्या आणि आधीच्या संघातल्या फिती पाहिल्या. त्याचा फटका फार जोरदार नव्हता. पण पास पायात आला, मागे आला, उसळत आला, तरी तो त्याच लयीत मारत होता. उणीवही दिसली. कडेच्या भिंतीपाशी कुणी अंगावर आलं की पक त्याच्याकडून सुटतो. ती फीतही मी कापून पहिल्याच ओळीत ठेवली. चांगल्याच फिती दाखवून माणूस खपवायचा, हे मला जमत नाही.

बैठक अकरा मिनिटं चालली. सहायक प्रशिक्षक म्हणाले, जास्त गोल करणाऱ्याला काय सांगायचं? प्रश्न रास्त होता. खेळाडूंच्या खोलीत मी नसतो, तिथलं तोंड त्यांनाच द्यावं लागतं. मी एवढंच म्हणालो की पाच चांगले नकोत, एकमेकांना जोडणारे पाच हवेत, आणि डाव्या बाजूला डावखुरा ठेवला तर बचाव करणारे चौघं त्या बाजूला बघणारही नाहीत. मुख्य प्रशिक्षकांनी ‘ठीक’ म्हणून बैठक संपवली. निर्णय सांगितला नाही.

पहाटे साडेपाचला सामना सुरू झाला. अप्पा चहा घेऊन शेजारी येऊन बसले.

“तुझा गडी कुठला रे ह्यातला?”

पहिला पॉवरप्ले मिळाला आणि डाव्या वर्तुळात तोच उभा दिसला. धोटा सुटला, त्यानं थेट मारला, पक गोलावरून काचेवर आदळला. दुसऱ्या वेळी भिंतीपाशी त्याच्याकडून पक सुटला आणि समोरचा एकटाच आमच्या गोलाकडे धावत सुटला. आमच्या गोलकीपरनं वाचवलं म्हणून, नाहीतर गोल आमच्यावरच होता. माझे हात गार पडले. ही फीत मी सगळ्यात वर ठेवली होती, हे आठवून अजूनच.

तिसऱ्या सत्रात पुन्हा संधी आली. पास त्याच्याकडे गेला, त्यानं काठी मागे घेतली. समोरचा बचावपटू फटका अडवायला दोन पावलं पुढे झेपावला. पोरानं मारलाच नाही. मधे मोकळ्या झालेल्या साथीदाराकडे पक सरकवला आणि गोल झाला.

“मारलाच नाही की त्यानं,” अप्पा म्हणाले.

“म्हणूनच झाला, अप्पा.”

सामना आम्ही 2-3 असा हरलो. आठ वाजता खुणा लावायला बसलो, तर या गोलासाठी माझ्या यादीत खूणच नव्हती. पास होता, फटका होता, पण तो बचावपटू ज्या भीतीनं जागा सोडून गेला, ती कुठं लिहायची? त्याचा पाय उचलला गेला ती एक चौकट गोठवली, त्याच्या मागे उघडी पडलेली जागा भोवती रेघ ओढून दाखवली आणि प्रशिक्षकांना पाठवून दिली.

दुपारी उठलो तेव्हा पुढच्या सामन्याच्या तुकड्या आल्या होत्या. डाव्या वर्तुळात त्याचंच नाव होतं आणि खाली माझ्यासाठी एक ओळ: भिंतीपाशी पक सुटतो त्या सगळ्या फिती आज संध्याकाळपर्यंत हव्यात.