बाहेर म्हणजे नेमकं कुठे?

अनोळखी नंबर होता. उचलला तर पलीकडून एक पंजाबी काका बोलत होते. "बेटा, आपके पापाजी मेरे पास खड़े हैं. लो, बात करो." मग बाबांचा आवाज आला, अगदी शांत, नाशिकच्या सिडकोतल्या घरातून बोलत असावेत तसा.

"अगं, आम्ही सीबीएसवर उभे आहोत."

मी तेव्हा हीथ्रोच्या टर्मिनल २ मध्ये, प्रवासी जिथून येतात त्या दारासमोर वीस मिनिटं माना वेळावत उभी होते. सीबीएस म्हणजे नाशिकचं मध्यवर्ती एसटी स्थानक, नाशिककराला ते सांगायला नको. क्षणभर मला खरंच वाटलं की आई-बाबा विमानात बसलेच नाहीत. एसटी पकडून परत नाशिकला गेले!

हे सगळं आज आठवायचं कारण इंदिरानगरची मावशी. ऑगस्टमध्ये ती इकडे इंग्लंडला लेकीकडे येतेय आणि रोज रात्री तिचा एक प्रश्न ठरलेला असतो. काल विचारलं, "जावई गाडी घेऊन येणार आहेत ना, मग मी गेटवर थांबू की बाहेर?" तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा ऐसपैस लिहितेय. नाशिकच्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी आई-वडील पहिल्यांदा इकडे यायच्या तयारीत असतात, त्यांनाही चालेल.

तर आधी हीथ्रोची पद्धत. टर्मिनलच्या दाराशी गाडी आणून माणसं उचलता येत नाहीत. दारासमोरचा रस्ता फक्त सोडायला येणाऱ्यांसाठी, आणि त्याचेही पैसे पडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ पौंडांनी सुरुवात झाली, जानेवारी २०२५ मध्ये ते ६ झाले होते. तिथे ना टोलनाका, ना पावती फाडणारा माणूस. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि पैसे आपण आठवणीने दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे. विसरलात तर ८० पौंडांचा दंड घरी येतो, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. न्यायला येणाऱ्याने मात्र शॉर्ट स्टे पार्किंगमध्ये गाडी लावायची, लिफ्टने खाली यायचं, माणसं घ्यायची आणि परत वर जायचं. गाडी जुनी डिझेल असेल तर आणखी एक भानगड. ऑगस्ट २०२३ पासून प्रदूषणाचा रोजचा साडेबारा पौंडांचा आकार अख्ख्या लंडनला लागू आहे आणि हीथ्रो त्या हद्दीत येतं. शेजाऱ्याची गाडी मागून आणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

पार्किंगचं मीटर पळत असतं, त्यामुळे इथे प्रत्येक जण डोक्यात एक गणित मांडतो. विमान उतरल्यावर माणूस बाहेर यायला किती वेळ लागेल? ब्रिटिश पासपोर्टवाले स्वयंचलित गेटमधून सटकतात. आपले आई-वडील व्हिजिटर व्हिसावर, त्यांना अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभं राहावं लागतं. मग बॅगांचा पट्टा. मी दीड तास धरला. विमान सव्वाअकराला टेकणार होतं. आमच्या रेडिंगहून हीथ्रो पंचेचाळीसेक किलोमीटर, एम४ महामार्गाने सरळ रस्ता. बाबांना सांगितलं, "मी बारापर्यंत पोचते, तुम्ही बाहेर आलात की मी असेनच." लवकर जाऊन पार्किंगला पैसे कशाला घालायचे, हा शुद्ध चिक्कूपणा. तो माझाच, कुणाच्या माथी मारत नाही.

त्या एका वाक्यात दोन खड्डे होते. पहिला दीड तासाचा. आईचा गुडघा दुखतो म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली होती. ती फुकट मिळते, फक्त एअरलाइनला आधी कळवावं लागतं. मला हे कुठे ठाऊक की व्हीलचेअर ढकलणारा माणूस रांगेला वळसा घालून नेतो आणि सोबतचा माणूसही त्याच्या मागोमाग जातो! दोघं पाऊण तासाच्या आत, बॅगांसकट मोकळे. बाबांनी विमानात भरायचं लँडिंग कार्ड कुठे मिळतं म्हणून तीनदा विचारलं म्हणे. ते २०१९ मध्येच बंद झालंय, पण आमच्या ओळखीतल्या ज्या काकांनी त्यांना शिकवून पाठवलं होतं ते २०११ मध्ये येऊन गेलेले.

दुसरा खड्डा 'बाहेर' या शब्दाचा, आणि तो जास्त खोल.

आपल्याकडे विमानतळावर न्यायला जाणारा माणूस इमारतीच्या बाहेर असतो. तिकिटाशिवाय आत सोडतच नाहीत. दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय पाऊल टाकू देत नाही. त्यामुळे मुंबईत उतरलेल्या माणसाच्या हाडात भिनलेलं असतं, की बॅगा घ्यायच्या आणि उजेड दिसेल तिकडे चालायला लागायचं. कठड्यापलीकडे माणसांची भिंत असते, त्यातून कुणीतरी हात हलवतं. हीथ्रोत उलटं. तिथे न्यायला आलेली माणसं आत, छपराखाली, हातात कॉफीचा कप घेऊन उभी असतात. कस्टम्सच्या दारातून आलात की आलातच, पुढे कुठेही जायचं नाही. मी 'बाहेर' म्हणाले ते त्या दारातून बाहेर. बाबांनी ऐकलं ते इमारतीतून बाहेर.

व्हीलचेअरवाल्या मुलाने त्यांना बरोबर जागी आणून विचारलंही, कुणी येणार आहे का? बाबांनी ऐटीत सांगितलं, "डॉटर. आउटसाइड." त्याने दार दाखवलं, आईला हात देऊन उठवलं आणि तो पुढच्या प्रवाशाकडे गेला.

त्यात घड्याळाने हातभार लावला. ही युक्ती बऱ्याच जणांना माहीत असेल. काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की भारतातल्या वेळेवरून इंग्लंडची वेळ कळते. दुपारी बारा वाजता उलटं करा, साडेसहा दिसतात. बाबांना ही युक्ती फार आवडते, आल्यागेल्याला करून दाखवतात. पण ती चालते फक्त हिवाळ्यात, साडेपाच तासांचा फरक असतो तेव्हा. मार्चअखेरीला इथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक उरतो साडेचार तासांचा. हे दोघं आले एप्रिलमध्ये. तेव्हा पावणेबाराला दारात उभे असलेले बाबा मनगट उलटं करून आईला सांगत होते की अजून पावणेअकराच वाजलेत, ती बाराला येणार, तोवर जरा गाडी कुठे लागते ते बघून येऊ.

फोनचं विचारू नका. रोमिंगचा पॅक मी घेऊन दिला होता, पण डेटा रोमिंग सुरू केलं की हजारो रुपयांचं बिल येतं हे त्यांनी कुठूनसं ऐकलेलं. म्हणून विमानात बंद केलेला फोन त्यांनी बंदच ठेवला. टर्मिनलमध्ये फुकट वायफाय आहे. पण ते आत, आणि हे बाहेर.

मी एम४ वर अडकून पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर जागा मिळवून खाली पोचले तेव्हा बारा वीस झाले होते. तोवर बाबा गर्दीमागे चालत चालत एका पाटीपाशी पोचले होते. टर्मिनल २ आणि ३ च्या मधे बस स्थानक आहे, हीथ्रो सेंट्रल बस स्टेशन. तीस वर्षं एसटीत काढलेला, त्यातली शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून नाशिकच्या सीबीएसवर घालवलेला माणूस. त्याला परमुलुखात 'सेंट्रल बस स्टेशन' अशी पाटी दिसली. मग तो दुसरीकडे कुठे जाईल?

मी धापा टाकत पोचले तेव्हाचं दृश्य असं. नऊ-दहा डिग्रीत आई शालीवर शाल घेऊन मोठ्या बॅगेवर बसलेली. त्या बॅगेला पिवळी नायलॉनची दोरी आणि पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत 'नाशिक'. बाबा अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये, हात मागे बांधून वेळापत्रकाच्या फलकासमोर. शेजारी ते पंजाबी काका, साउथॉलची बस बघत असलेले. बाबा त्यांना समजावत होते, "ये गाड़ी बारा पैंतीस की है, अब तक लगी नहीं." काकांचे आभार मानायला मी तोंड उघडलं तर तेच म्हणाले, तुझे वडील भेटले म्हणून वेळ बरा गेला.

आई एवढंच बोलली, "चहा मिळेल का कुठे?"

मावशीला म्हणून मी काय सांगितलं? 'बाहेर' हा शब्द वापरायचाच नाही. सगळे लोक फुलं आणि नावाच्या पाट्या घेऊन उभे असतात तिथेच थांबायचं, जावयाला यायला तास लागला तरी. डोक्यावर छप्पर आहे, बाकडी आहेत, स्वच्छतागृह आहे, ट्रॉलीलाही पैसे पडत नाहीत. इमारतीचं दार उघडलं आणि थंडी लागली की समजायचं, चुकलो, मागे फिरायचं. जावयाचा नंबर फोनमध्ये असतोच, पण तो वहीच्या पहिल्या पानावर, +४४ सकट, ठळक लिहायचा. आमची सुटका अशाच वहीतल्या नंबराने केली. आणि टर्मिनलचा आकडा आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघायचा, कारण २ आणि ३ जवळजवळ आहेत, त्यांना एम४ वरून आत येऊन धावपट्टीखालच्या बोगद्यातून जातात, तर ५ पार पलीकडे, त्याला एम२५ वरून वळतात. चुकीच्या टर्मिनलला गाडी लावलेल्या जावयाचं तोंड सासूला पहिल्याच दिवशी बघावं लागू नये.

जावयाला सुट्टी मिळाली नाही तर टॅक्सी. इथे मिनीकॅब आधी बुक केलेलीच असावी लागते, रस्त्यावरून भाडं घ्यायची परवानगी फक्त काळ्या टॅक्सीला. आत उभा राहून कुणी कानाशी "टॅक्सी, टॅक्सी" करत असेल तर त्याच्याकडे बघायचंही नाही. बुक केलेला ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा असतो. आमच्या एका मित्राच्या आईच्या कुलकर्णीचं त्या पाटीवर 'कुल करणी' झालं होतं, आणि त्या बाई पाटीसमोरून दोनदा गेल्या.

पेढ्यांचंही मावशीने विचारलं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून आणायला इथे मनाई आहे, तेव्हा पेढे, बर्फी, खवा काही नाही. आमच्या आईला हे मी निघायच्या संध्याकाळी सांगितलं. मुंबई नाका ओलांडेपर्यंत ती फुणफुणली आणि मग अख्खा डबा ड्रायव्हरदादाला दिला. चिवडा मात्र आला. इथे आठवडाही टिकला नाही.

डिसेंबरात मी नाशिकला गेले तेव्हा पाळी उलटली. ओझरला विमानतळ आहे, पण लंडनहून तिथे थेट काही येत नाही, म्हणजे मुंबईला उतरून पुढचे सुमारे १७० किलोमीटर गाडीनेच. मी बजावलं होतं, फक्त ड्रायव्हरदादाला पाठवा, रात्रीचं तुम्ही येऊ नका. पहाटे पावणेचारला ट्रॉली ढकलत दारातून आले तर कठड्याला टेकून पहिल्या रांगेत बाबा. माकडटोपी, मफलर, खिशाला पेन.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तर आपण तिकडूनच जाऊ असं मला वाटलं होतं. आठेक किलोमीटरचा तो बोगदा मला बघायचा होता. दादा म्हणाले, "ताई, येताना तिकडूनच आलो. कसाऱ्याचा घाट वाचला, पण ठाण्यातल्या ट्रॅफिकने तो वेळ परत घेतला." बाबांचं कारण वेगळं. नव्या रस्त्याला चहाच्या टपऱ्या नाहीत. म्हणून जुन्या घाटाने निघालो आणि इगतपुरीच्या अलीकडे, जेमतेम उजाडलेलं असताना, काचेच्या ग्लासातला आल्याचा चहा घेतला. ग्लास एवढा तापलेला की ओढणीत धरून प्यावा लागला.

बाबांनी तिथे खिशातली छोटी डायरी काढली. नोकरी सुटली तरी सवय सुटलेली नाही. गाडी कधी सुटली, कधी लागली, सगळं लिहितात. मी वाकून पाहिलं. 'मुंबई विमानतळ. आगमन २.१०. प्रवासी बाहेर ३.४५.' मग उत्सुकता वाटून मागची पानं चाळली. एप्रिलचं पान सापडलं. निळ्या शाईत, खाली रेघ मारून लिहिलेलं:

'सीबीएस, लंडन. गाडी ४० मिनिटे उशिरा. कारण : चालक कन्या.'