जुना केस, नवा केस आणि मधला सांधा

डाव्या कानामागची बट कंगव्यासोबत हातात आली, तेव्हा मी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिली. ती मुळापासून निघाली नव्हती. टाळूपासून साधारण तीन बोटांवर सगळे केस एकाच उंचीवर तुटले होते. त्या जागेवरून हात फिरवला की आखूड, ताठ खुंट बोटांना टोचत. दुसऱ्यांदा रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करणारं क्रीम, लावून जेमतेम महिना झाला होता.

तो सगळा महिना मी भलत्याच गोष्टीवर उपाय करत होते. ‘केस गळतायत’ एवढंच मला कळत होतं, म्हणून मुळांना तेल, टाळूला सीरम, रोज रात्री मालिश असं सगळं चालू होतं. मालिश केल्यावर तर जास्तच तुटायचे. माझी एक मैत्रीण त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आज दिवसभरात जेवढे केस येतील तेवढे कागदावर एकेक करून मांड. टोकाशी बारीक पांढरट गाठ असेल तर तो मुळातून गळलेला. नसेल तर तुटलेला. मग मला सांग.” मी चाळीस केस मांडले. गाठ सापडली सात केसांना. बाकीचे तेहतीस वेगवेगळ्या लांबीचे तुकडे होते.

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे कुणाच्याही डोक्याचं रोजचंच चालणं आहे. माझी मुळं ठणठणीत होती. जे मोडत होतं ते टाळूच्या वर, आणि टाळूच्या वरचा केस हा जिवंत नसतो. तो आतून बरा होत नाही, फक्त सांभाळता येतो. हे कळल्यावर सीरमची बाटली मी त्याच दिवशी बाजूला ठेवली.

मग मी मागे जाऊन काय काय झालं ते आठवायला बसले. माझे केस जन्मापासून बारीक कुरळे. पहिला रिलॅक्सर छान बसला. चार महिन्यांनी मुळाशी कुरळे केस ठळक दिसायला लागले, साधारण चार-पाच सेंटिमीटर, कारण केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. मी पुन्हा त्याच पार्लरमध्ये गेले. तिथं त्यांनी क्रीम मुळापासून शेंड्यापर्यंत सगळीकडे लावलं. “एकसारखे दिसतील,” असं सांगितलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वर मी आदल्या दिवशी डोकं धुऊन, नखांनी खसाखसा खाजवून गेले होते. क्रीम लागल्यावर टाळूची आग व्हायला लागली, तरी मी दात आवळून बसून राहिले. जळजळ म्हणजे औषध काम करतंय, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत ज्या कुणाची असेल त्यांनी आजच सोडावी. जळजळ म्हणजे कातडी भाजायला लागली. क्रीम लगेच धुवायला सांगायचं, अर्धवट झालं तरी चालेल. धुण्याच्या आणि खाजवण्याच्या बारीक ओरखड्यांतून ते आत शिरतं, म्हणून आधीचे दोन दिवस डोकं धुवायचं नसतं. हे मला तिथं कुणी विचारलंही नाही, सांगितलंही नाही.

केसाचा आकार ठरतो तो केराटिन नावाच्या प्रथिनातल्या गंधकाच्या पुलांमुळे. दोन गंधक एकमेकांना धरून असतात आणि केसाचं वळण टिकवतात. सोडियम हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर, ज्याला लाय म्हणतात, त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षार मोजायचं माप, १२ ते १४ असतो; सातच्या वर क्षार, खाली आम्ल. टाळूचा पीएच साडेपाचच्या आसपास. या क्षारानं केस फुगतो, वरचे खवले उघडतात आणि पुलातला एक गंधक कायमचा निघून जातो. उरतो तो एकाच गंधकाचा नवा पूल. तो परत पूर्वीसारखा होत नाही. म्हणजे सरळ झालेला केस एकदाच सरळ होतो, त्याला पुन्हा सरळ करायची गरजच नसते. त्याच केसावर दुसऱ्यांदा तेच क्रीम लागलं की उरलेले पूलही जातात. माझ्या डोक्यावर नेमकं हेच झालं होतं. नवीन कुरळा केस आणि जुना सरळ केस जिथं मिळतात तो सांधा मुळातच सगळ्यात कमजोर, आणि तिथून पुढे सगळीकडे दुहेरी मारा झालेला.

रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंग या केस सरळ करायच्या दुसऱ्या पद्धतींमध्ये बहुतेक वेळा वापरतात ते थायो, म्हणजे अमोनियम थायोग्लायकोलेट. ते वेगळ्या मार्गानं पूल तोडतं आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या न्यूट्रलायझरनं नव्या जागी परत जोडतं. थायो केलेल्या केसावर हायड्रॉक्साइड किंवा उलट, असं चुकूनही करायचं नाही. केस हातात येतात. आपल्या केसांवर यातलं नेमकं काय झालंय हे विचारून लिहून ठेवायला हवं. मी ते तेव्हा लिहून ठेवलं नव्हतं. पार्लरला दोनदा फोन केल्यावर डब्यावरचं नाव मिळालं.

यानंतर सांभाळायला शिकणं सुरू झालं. आधी बदललं ते धुणं. केसाच्या अगदी वरच्या थराला एक नैसर्गिक स्निग्ध आवरण असतं. ते क्षारानं निघून जातं. त्यामुळे असा केस पाणी पटकन पितो, ओला असताना जड होतो आणि एकात एक अडकतो. ओला केस तसाही ताणाला कच्चा, त्यात हा आणखी. मी आधी आंघोळीनंतर ओल्या केसांत बारीक दातांचा कंगवा घालून मुळापासून खाली ओढत असे. आता कंडिशनर लावलेला असतानाच, नळाखाली, बोटांनी गुंता सोडवते. आधी शेंडे, मग त्याच्या वरचे चार बोटं, असं वर चढत जायचं. सांध्यापाशी पोचले की कंगवा वापरतच नाही. त्या जागी बोटांना जाणवतं की खाली केस गुळगुळीत आहे आणि वर खडबडीत. तिथं थांबायचं, बट वरच्या बाजूनं घट्ट धरायची आणि मगच खालचा गुंता सोडवायचा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही.

कंडिशनर टाळायचा नाही, एकदाही नाही. खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधले कण धन भाराचे, म्हणून ते नेमके खराब जागीच जास्त चिकटतात. धुण्याच्या आदल्या रात्री मी खोबरेल तेल लावते, पण टाळूला नाही, मधल्या लांबीला आणि शेंड्यांना. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाहून जातं. खनिज तेलं चमक देतात पण आत शिरत नाहीत.

माझी दुसरी मोठी चूक प्रोटीनची. केस प्रथिनाचा, पूल तुटलेत, म्हणजे प्रोटीन मास्क लावला की भरून निघणार असा सरळ हिशेब मी केला आणि दर आठवड्याला लावायला लागले. पहिल्या दोन वेळा केस खरंच टणक वाटले, मला फार बरं वाटलं. चौथ्या वेळेनंतर केसांचा आवाजच बदलला. विंचरताना बारीक कट्कट ऐकू यायची. मैत्रिणीनं ताण देऊन बघायला सांगितलं, आणि ही एक तपासणी मी आजही सोडत नाही. धुतलेला, ओला एकच केस घ्यायचा. दोन्ही हातांच्या चिमटीत दोन्ही टोकं धरून हळूहळू ताणायचं. चांगला ओला केस मूळ लांबीच्या तीसेक टक्के ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. महिनाभरापूर्वी माझा केस च्युइंगगमसारखा लांबत जाऊन तसाच लोंबकळत राहिला होता, त्याला खरंच प्रोटीन हवं होतं. आता तोच केस ताणायच्या आधीच टच्कन तुटला. त्याला आता ओलावा हवा होता. प्रोटीन पूर्ण बंद केलं, फक्त मऊ करणारा डीप कंडिशनर ठेवला. तीन-चार धुण्यांनंतर केस पुन्हा ताणला जायला लागला. आता प्रोटीन दीड महिन्यातून एकदा, तेही आधी केस ताणून बघितल्यावर. मास्कच्या डब्यावर ‘दर आठवड्याला’ लिहिलेलं असलं तरी माझा केस काय म्हणतो ते मी आधी बघते.

स्ट्रेटनर मी बंद केला. सरळ केस आणखी सरळ करायला मला तो लागत होता, हे आठवून आजही वाईट वाटतं. अगदीच वेळ आली तर पूर्ण वाळलेल्या केसावर, १८० अंशांच्या खाली, एकदाच फिरवायचा. ओल्या केसावर तापलेली पट्टी फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि केस तिथंच मोडतो.

रबरबँडही गेले. मी रोज घट्ट पोनीटेल बांधायचे आणि तो बँड बरोबर सांध्याच्या पट्ट्यावर बसायचा. आता सैल वेणी, मऊ कापडाचा बंध, तोही रोज वेगळ्या उंचीवर. उशीला सॅटिनचा अभ्रा घातला, कारण सुती कापडावर केस घासतो.

सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं. आठव्या आठवड्याला मुळाशी कुरळे केस दिसायला लागले की मन लगेच टच-अपकडे, म्हणजे नव्या केसाला पुन्हा क्रीम लावण्याकडे, धावतं. दहाव्या आठवड्याला आरशात दोन वेगळ्या माणसांचे केस एका डोक्यावर दिसतात. पण नवा भाग पुरेसा वाढला नसेल तर क्रीम जुन्यावर सांडणारच. शिवाय थांबायला आणखी एक कारण मिळालं. अमेरिकेतल्या सिस्टर स्टडी या मोठ्या पाहणीतला एक निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के, असा तो अंदाज आहे. याच रसायनांमुळे कर्करोग होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी मी माझ्यापुरतं ठरवलं, वर्षातून दोनदा, जास्त नाही.

तिसऱ्या वेळी मी दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथल्या ताईंना आधीचं सगळं सांगितलं, लिहून ठेवलेलं नाव दाखवलं. त्यांनी आधी मानेजवळची बोटभर बट घेऊन तिच्यावर क्रीम लावून बघितलं आणि मला तासभर थांबवलं. मग कपाळाच्या कडेला, कानांवर आणि टाळूवर व्हॅसलीन, जुन्या सरळ केसांवर जाड कंडिशनर, आणि क्रीम फक्त नव्या भागावर. “ताई, जरा जरी चुरचुरलं तरी बोला हं,” असं त्या दर दोन मिनिटांनी म्हणत होत्या. धुताना त्यांनी रंग बदलणारा शाम्पू वापरला. क्षार उरला असेल तर फेस गुलाबी होतो. पहिल्यांदा गुलाबी, दुसऱ्यांदा फिकट गुलाबी, तिसऱ्यांदा पांढरा शुभ्र. मी मान मागे टाकून बेसिनमधल्या आरशात तो फेस बघत होते. आधीच्या दोन्ही वेळी तो फेस मला कुणी दाखवला नव्हता.

या वेळी लाय नव्हतं, नो-लाय होतं, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या क्रीममध्ये ग्वानिडिन कार्बोनेट मिसळून केलेलं. ते टाळूला जरा सौम्य, पण केसावर कॅल्शियमचा थर सोडतं. दोन आठवड्यांत केस खडूसारखे निस्तेज झाले तेव्हा मी घाबरले नाही. ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला, कॅल्शियम ओढून काढणारा चिलेटिंग शाम्पू आणि त्यानंतर भरपूर कंडिशनर.

गेल्या रविवारी पुन्हा कागद घेऊन बसले. एकतीस केस, त्यांतल्या सव्वीस जणांना टोकाशी पांढरट गाठ. डाव्या कानामागची तुटलेली बट वर्षभरात मानेपर्यंत आली आहे. वेणीत अजून नीट बसत नाही, सुटून बाहेर येते. तिला मी छोटी पिन लावते, आणि पिनही सांध्याच्या बरीच खाली लावते.