भिंतीवरची दोन घड्याळं

ऑपरेशन साधं होतं. डावा डोळा, पिकत आलेला मोतीबिंदू, लेन्स बसवून पंधरा मिनिटांत मोकळा झालो. पेशंट शिंपी, वय ६७. आमच्याकडे सगळे त्यांना टेलरमामाच म्हणायचे. आदल्या दिवसापर्यंत त्या डोळ्याने ते जेमतेम तीन मीटरवरची बोटं मोजत होते. सकाळी पट्टी काढली तर तक्त्यावर ६/१२, म्हणजे निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ते सहावरून. मी खूश. मामा मात्र भिंतीकडे बघत गप्प.

"डॉक्टर, घड्याळं दोन लावलीत व्हय?"

लेन्स सरकली! पोटात गोळाच आला. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघितलं, तर लेन्स जागच्या जागी. मग त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला. "एक हाय." उजवा झाकला. "एकच." दोन्ही उघडे ठेवले की पुन्हा दोन. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर खोट उघड्या डोळ्यात शोधायची. झाकल्यावर एकच दिसत असेल तर दोन्ही डोळे एका रेषेत नाहीत. टॉर्च धरली. डाव्या बाहुलीत उजेडाचा ठिपका मधोमध, उजव्यात पार बाहेरच्या काठाला. उजवा डोळा नाकाकडे वळलेला.

मामी वाकून बघत होत्या. "अवो, ह्यांचा डावा डोळा चकणा व्हता की. उजवा कवा झाला?"

पिशवीतून त्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स काढली. काळपट फोटो, पण डावं बुबुळ नाकाकडे गेलेलं स्पष्ट दिसत होतं. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर मामा म्हणाले, "इचारलं कुणी? आन् चकणा नशीबवान असतोय म्हणत्यात."

विचारलं नव्हतं, हे खरंच. त्या दिवशी तपासायला रांग होती. मी एकेक डोळा बघितला, मोतीबिंदूची प्रत लिहिली आणि जो जास्त पिकलाय तो आधी, असा हिशेब केला. दोन्ही डोळे मिळून कसे बघतात, ते बघितलंच नाही.

लहानपणापासून तिरळा असलेला माणूस दोन-दोन बघत नाही. मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र बाजूला सारायला शिकतो. मामांच्या मेंदूने साठ वर्षं डाव्याचं चित्र असंच टाकून दिलेलं. आता मी डावा स्वच्छ केला, उजवा मोतीबिंदूमुळे ६/३६ वर. मेंदूने चांगला डोळा पकडला, म्हणजे डावा. वळायची पाळी उजव्यावर आली आणि उजव्याचं चित्र टाकून द्यायची सवय मेंदूला कधी लागलीच नव्हती.

"सुईला दोन नेढी दिसत्यात, ववायचं कुठल्यात?" मामांनी विचारलं. चष्म्याच्या उजव्या काचेवर कागदी टेप चिकटवून दिली. उजवा डोळा स्वच्छ झाला की जुनी घडी बहुतेक परत बसेल, पण हमी देत नाही, हे दोघांनाही समोर बसवून सांगितलं. संमतीपत्रावर तसं लिहिलंही.

महिन्याने उजवा घेतला. लेन्सचं माप काढताना डावा झाकून ठेवला, नाहीतर उजवा दिव्याकडे सरळ बघेना. भूल फक्त थेंबांची. इंजेक्शनने एखादा स्नायू दुखावला तर आगीत तेल. लेन्स दोन्हीकडे लांबचंच दिसेल अशी. एक डोळा लांबसाठी, एक जवळसाठी, ही हौस अशा माणसाच्या बाबतीत नको.

दुसऱ्या दिवशी उजवा ६/६. टॉर्चच्या उजेडात डावं बुबुळ हळूच नाकाकडे सरकलं, आधार कार्डावर होतं तसंच. इतका आवडलेला तिरळेपणा मी त्याआधी बघितला नव्हता.

मामा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"एकच हाय," ते म्हणाले. "पण पाच मिनिटं मागं हाय. तवाबी दोन्ही मागंच व्हती."